चित्रांची नोंदवही आहे, इमारतीची कुठे आहे?

सरकारी संग्रहालयात एखादे चित्र आले की त्याला क्रमांक पडतो. दाखल नोंदवहीत तारीख, कुणाकडून आले, भेट की खरेदी, माध्यम, लांबी-रुंदी, अवस्था आणि ठेवल्याची जागा एवढे तरी लिहिले जाते. चित्र एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेले तरी नोंद व्हावी, असा संकेत आहे. आता ही सगळी चित्रे ज्या छपराखाली टांगलेली आहेत त्या इमारतीबद्दल विचारा. उत्तर स्मरणिकेतल्या तीन ओळींत संपते: अमक्या महाराजांनी बांधली, तमक्या साहेबांच्या हस्ते उद्घाटन झाले, शैली गॉथिक किंवा इंडो-सारासेनिक. उत्तरेकडच्या झरोक्यावर डांबरी पत्रा कुणी ठोकला, दुसऱ्या दालनाची खिडकी कधी बुजली, गच्चीवर आजवर किती थर चढले, तळमजल्याच्या भिंतीला पहिल्यांदा सिमेंट कधी लागले, याचा कागद बहुतेक ठिकाणी सापडत नाही.

प्रादेशिक कलादालनाच्या इमारतीचा इतिहास हे तिच्या दुरुस्तीचे पहिले हत्यार आहे. तो नकाशांसह लिहून लोकांसमोर ठेवल्याशिवाय अशा इमारतीच्या दुरुस्तीची, विस्ताराची किंवा पाडकामाची निविदा निघताच कामा नये, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. आज क्रम उलटा आहे. निधी मंजूर होतो, अंदाजपत्रक तयार होते, कंत्राटदार येतो, भिंत खरवडली जाते आणि मग आत काय होते ते कळते. तोवर ते ट्रॉलीत भरून गेलेले असते.

मुळात इमारतीला एकच जन्मतारीख असते हाच भ्रम आहे. बडोद्याचे संग्रहालय पाहा. सयाजीराव गायकवाडांनी उभारलेली संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पूर्ण होऊन लोकांसाठी खुली झाली. चित्रदालनाचे बांधकाम १९०८ मध्ये सुरू झाले, १९१४ मध्ये संपले आणि दालन उघडले थेट १९२१ मध्ये, कारण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून यायची चित्रे अडकून पडली. एकाच आवारात दोन इमारती, त्यांच्यात वीस वर्षांचे अंतर, आणि त्यातल्या एकीने सात वर्षे चित्रांची वाट पाहण्यात काढलेली. या वीस वर्षांत बांधकामात लोखंडी तुळया आणि पोर्टलंड सिमेंट यांचा वापर वाढत गेला होता. पाटीवर एकच साल लिहिले की पुढचा अभियंता दोन्ही इमारतींना एकाच औषधाची मात्रा देणार.

कोल्हापूरचा टाउन हॉल चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावर १८७० च्या दशकात उभा राहिला तो सभा-समारंभांसाठी. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंसाठी १९४० च्या दशकात संग्रहालय सुरू झाले आणि ते या सभागृहात आले. आज तिथे पुरातन वस्तूंच्या जोडीला कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रेही आहेत. मुंबईत जॉर्ज विटेट यांनी बांधलेला १९११ चा सर कावसजी जहांगीर हॉल सार्वजनिक सभागृह होता. तिथे मैफली झाल्या, कामगार संघटनांच्या सभा झाल्या, बॉक्सिंगचे सामने झाले, लग्ने लागली आणि चामड्याच्या वस्तूंचे सेलही लागले. मग आतला भाग पूर्णपणे नव्याने रचून १९९६ मध्ये त्याच हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय उघडले. औंधचे श्री भवानी संग्रहालय या सगळ्यांपेक्षा वेगळे. औंध संस्थानचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. यमाईच्या डोंगरावर मध्यावर त्यांनी १९३८ मध्ये खास संग्रहासाठी इमारत उभी केली. राजा रविवर्म्यांची चित्रे आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘मदर अँड चाइल्ड’ हे शिल्प सातारा जिल्ह्यातल्या एका गावात पाहायला मिळते ते त्यांच्यामुळे.

सभागृहाचे झालेले दालन आणि दालन म्हणूनच बांधलेली इमारत यांची दुखणी वेगवेगळी असतात. सभागृहात माणसे कोंडू नयेत म्हणून खिडक्या मोठ्या, समोरासमोर आणि उंच. दालनाला हवी असते अखंड भिंत. म्हणून पहिला अभिरक्षक, म्हणजे संग्रह सांभाळणारा अधिकारी, येतो तेव्हा खिडक्यांवर आतून प्लायवूड मारले जाते. त्यावर रंग चढतो, रंगावर चित्र चढते. पंधरा-वीस वर्षांनी ती खिडकी होती हे बाहेरून पाहणाऱ्यालाच कळते. प्लाय आणि जुनी झडप यांच्या मधल्या अंधाऱ्या पोकळीत पाऊस वाऱ्याबरोबर शिरतो, हवा फिरत नाही आणि वाळवीला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही. वाळवी दिसते ती चौकटीच्या मागच्या लाकडात, म्हणजे चित्राच्या पाठीत. उपाय म्हणून चित्रावर आणि भिंतीवर फवारणी होते. पोकळी तशीच राहते, कारण ती कुठल्याच नकाशावर नसते.

गच्चीची कथा याहून जड आहे, शब्दशः. चुन्याच्या कोब्याची जुनी गच्ची गळू लागली की कंत्राटदार सुचवतो ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा थर. जुना थर काढायचा म्हणजे धूळ, खर्च आणि जबाबदारी. म्हणून तो जुन्यावरच चढवला जातो. दहा-बारा वर्षांनी पुन्हा गळते, पुन्हा एक थर. हिशेब साधा आहे. १० सेंटिमीटर जाडीचा कोबा म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास १९० किलो. १०० चौरस मीटरच्या दालनावर एका थरात सुमारे १९ टन. दोन थर झाले की ३८ टन, आणि हे सगळे मूळ सागवानी तुळयांच्या किंवा गंजू लागलेल्या लोखंडी जॉइस्टच्या, म्हणजे छत पेलणाऱ्या आडव्या दांड्यांच्या, डोक्यावर. तुळई मध्ये वाकते, वाकली की गच्चीचा उतार बदलतो, उतार बदलला की पाणी पन्हळीकडे न जाता मध्यावर साचते. म्हणजे गळती थांबवायला टाकलेला थरच नव्या गळतीची जागा तयार करतो. किती थर आहेत हे नोंदवहीत असते तर कोणताही शहाणा शाखा अभियंता तिसऱ्या थराच्या अंदाजपत्रकावर सही करताना थबकला असता. नोंद नाही, म्हणून तो समोर दिसणाऱ्या पृष्ठभागालाच मूळ गच्ची समजतो.

त्यात भर खोट्या छताची. प्लास्टर ऑफ पॅरिसचे सपाट छत लावले की दालन फोटोत छान येते. गळतीही झाकली जाते. पूर्वी छतावर डाग उमटला की शिपाई दुसऱ्या दिवशी सांगायचा. आता पाणी खोट्या छतावर पसरते, वायरिंगला भिडते आणि मूळ जागेपासून चार-पाच मीटरवर, बहुधा दिव्याच्या भोकातून खाली येते. डाग तिथे दिसतो, म्हणून वर गच्चीवरही तिथेच खणले जाते.

आता भिंत, कारण दख्खनच्या दगडी इमारतींत सर्वाधिक नुकसान तिथे होते आणि ते सर्वाधिक चांगल्या हेतूने केले जाते. आपला काळा दगड, बेसाल्ट, अतिशय घट्ट. त्यातून पाणी जवळजवळ आत-बाहेर करत नाही. मग भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडते कुठून? दगडांच्या मधल्या दरजांतून. चुन्याचा सांधा ओल शोषतो आणि उन्हाने ती बाहेर सोडतो. त्यात क्षार साठून तो हळूहळू भुसभुशीत होतो, आणि तसा तो व्हायलाच हवा: दगड वाचावा म्हणून सांध्याने झिजायचे, दर काही दशकांनी तो पुन्हा भरायचा, अशी ती योजना आहे. सांधा भुसभुशीत दिसला की आपण त्याला ‘कमकुवत’ म्हणतो आणि सिमेंटने दरजा भरतो. बाहेरून भिंत कशी रेखीव दिसते! पण ओलीचा बाहेरचा दरवाजा बंद झालेला असतो. जमिनीतून चढलेली आणि वरून झिरपलेली ओल आता आतल्या बाजूला, गिलाव्याकडे निघते. आतल्या गिलाव्यावर वर्षभरात पांढरा भुरा फुटतो, रंगाचे पोपडे निघतात. जमिनीपासून साधारण एक मीटरपर्यंतच हे दिसले तर ओल जोत्यातून चढते आहे असे समजावे. वरून खाली उतरत आलेला ओघळ दिसला तर पन्हळ पाहावी. दोन्हींवर एकच इलाज केला जातो, तो म्हणजे वॉटरप्रूफ प्लास्टिक पेंट. त्याने भिंतीचा आतला श्वासही कोंडतो.

योग्य काम काय ते सांगणे अवघड नाही, करणे थोडे अवघड आहे. आधी पाण्याचे मूळ बंद करायचे: पन्हळ, उतार, जोत्याभोवती चढलेली माती आणि फरशी. मग सिमेंटच्या दरजा हातोडी-छिन्नीने काढायच्या. ग्राइंडर फिरवला तर दगडाच्या कडा कापल्या जातात आणि सांधा कायमचा रुंद होतो. दरज निदान २० ते २५ मिलिमीटर खोल मोकळी करायची, धूळ झटकायची, दगड ओला करायचा. चुना भिजवून, पाण्याखाली काही आठवडे मुरवून, वाळूशी एकास तीनच्या आसपास प्रमाणात नीट मळलेला हवा. भरल्यावर ओल्या तरटाने झाकून दहा-चौदा दिवस पाणी. चुना हवेतून कार्बन डायऑक्साइड घेत पुढचे कित्येक महिने घट्ट होत राहतो. म्हणून हे काम ऑक्टोबर ते जानेवारीत व्हावे लागते. आपल्याकडे निधी खर्ची पडतो मार्चअखेरीच्या धावपळीत. कार्यारंभ आदेश फेब्रुवारीत, काम एप्रिल-मेच्या उन्हात. पाणी मारायला टँकर नाही, चुना भाजून निघतो, चिरा पडतात, पहिल्या पावसात निम्मा वाहून जातो. मग निष्कर्ष काढला जातो की चुन्यात आता पूर्वीसारखी ताकद राहिली नाही. दोष कॅलेंडरचा, शिक्षा चुन्याला.

या भिंतीचा आणि तिच्यावरच्या चित्राचा संबंध जवळून पाहण्यासारखा आहे. तैलरंगाचे जुने चित्र म्हणजे लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेले कापड, कापडावर सरसाचा थर, त्यावर अस्तर, मग रंग आणि शेवटी व्हार्निश. हे थर दमट-कोरड्या हवेला वेगवेगळे प्रतिसाद देतात. उन्हाळ्यात दख्खनच्या पठारावर दुपारची आर्द्रता अनेकदा ३० टक्क्यांखाली जाते. तेव्हा सरस कडक होऊन सगळा ताण स्वतःवर घेतो आणि ठिसूळ झालेल्या रंगाला बारीक भेगा पडतात. पावसाळ्यात ती ८५ टक्क्यांवर चढते. सरस मऊ पडतो, त्याची पकड सुटते, आणि सुताचे धागे फुगल्यामुळे विणलेले कापड आकसते. रंगाच्या थराला मात्र आकसता येत नाही. तो भेगांच्या कडांनी उभा राहतो आणि गळतो. आता हेच चित्र ओल्या बाहेरच्या भिंतीला पाठ टेकून असेल तर दालनातली हवा ६० टक्के असूनही चित्राच्या पाठीमागची ९० टक्के असू शकते. अशा चित्राची पाठ उलटून पाहिली तर खालच्या पट्टीपाशी तपकिरी लाटेसारखी रेषा सापडते. तिथवर ओल आली आणि सुकली. पट्टी आणि कापड यांच्या फटीत पडलेला चुन्याचा भुगा सापडतो. चौकट ताणून धरणाऱ्या कोपऱ्यातल्या पाचरी फुगून घट्ट बसलेल्या किंवा गळून पडलेल्या असतात.

संवर्धक ही रेषा पाहून चित्रावर उपचार करील: सुटलेला रंग चिकटवील, पाठीला फळी लावील, टांगताना भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतर राहील असे बुचाचे तुकडे लावील. पण त्याला कळायला हवे की हे चित्र कोणत्या वर्षी कोणत्या भिंतीवर होते, आणि त्या वर्षी त्या भिंतीत काय चालले होते. चित्राची जागा लिहिलेली असते ‘दालन क्र. २’ अशी. दालनाला चार भिंती असतात, त्यातली एक पश्चिमेची पाऊस झेलणारी, एक आतली कोरडी. दोन नोंदवह्या एकमेकींशी बोलल्या तरच निदान होते.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे वातानुकूलन. दालन बंद करा, यंत्रे बसवा, प्रश्न मिटला. चोवीस तास, बाराही महिने, जनित्राच्या आधारासह आणि आर्द्रता वेगळी नियंत्रित करणारे यंत्र चालवायची ऐपत असेल तर जरूर. जिल्ह्याच्या दालनात यंत्र चालते कार्यालयीन वेळेत. सकाळी दहाला सुरू, संध्याकाळी बंद, सोमवारी बंद. पावसाळ्यात दिवसभर भिंती आणि चित्रे गार झालेली असतात. यंत्र बंद झाल्यावर बाहेरची उबदार दमट हवा फटींतून शिरते आणि गार पृष्ठभागावर तिची ओल बसते. रोज एक झटका, वर्षाला तीनशे झटके. सतत ७० टक्के आर्द्रतेत राहिलेल्या चित्रापेक्षा रोज ५० आणि ८० यांच्यात हेलकावे खाणारे चित्र लवकर मरते, फक्त ७० च्या वर बुरशी धरते म्हणून तिथे हवा खेळती ठेवावी लागते. जाड भिंती, उंच छत, वरची झडप उघडी आणि मंद पंखा ही जुन्या इमारतीची व्यवस्था फुकटात बरेच काम करते. कागदावरची जलरंगचित्रे आणि पोथ्या तेवढ्या बंद पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर ठेवाव्यात. त्यांना प्रकाशही ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) वर नको. तैलचित्रांना २०० चालतो. भर दुपारी उघड्या खिडकीशेजारची भिंत हजार लक्स सहज ओलांडते, म्हणून झरोका झाकण्याआधी लक्समीटर लावून पाहावा. पुष्कळदा काचेवर चुन्याचा हात किंवा आतून पांढरे कापड एवढे पुरते.

आगीचा विषय चारच वाक्यांत, कारण त्यात वाद नाही. दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय एप्रिल २०१६ मध्ये जळाले. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांच्या काळातली १९१५ ची वास्तू, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत गेले. त्यानंतर ‘होते तसेच उभारू’ असे सगळ्यांनी म्हटले, आणि ते योग्यच होते. पण ‘होते तसे’ म्हणायला आधी कसे होते ते कागदावर मापांसह असावे लागते, आणि ते कागद ज्या इमारतीचे आहेत त्याच इमारतीच्या कपाटात असून चालत नाही.

मग हा इतिहास आहे कुठे? विखुरलेला आहे, पण आहे. संस्थाने दरवर्षी कारभाराचा अहवाल छापत. त्यात बांधकाम खात्याचा खर्च इमारतवार सापडतो. संस्थानी दप्तर पुराभिलेखागारांत आहे. बांधकाम विभागाच्या मोजमाप पुस्तकांत प्रत्येक कामाची लांबी-रुंदी-खोली लिहिलेली असते. मोजमाप पुस्तकासारखा प्रामाणिक इतिहासकार नाही, कारण त्याच्या आकड्यांवर बिल निघते. संस्थाने विलीन झाल्यावर, औंधसारख्या ठिकाणी १९४८ नंतर, एक मोठी फट पडली. त्याआधी इमारत आणि चित्रे एकाच धन्याची होती. त्यानंतर चित्रे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे, भिंतींची डागडुजी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. चित्र एका खात्याचे, भिंत दुसऱ्याचे, आणि दोघांच्या मधली ओल कुणाचीच नाही. शिवाय सरकारी अभिलेखांचे वर्ग असतात. ‘अ’ वर्ग कायम ठेवायचा, बाकीचे ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायचे. किरकोळ दुरुस्तीची फाइल कायमच्या वर्गात कोण घालणार? आणि दालनाचा खरा इतिहास तर किरकोळ दुरुस्त्यांतच असतो. या एका वर्गवारीत बदल करायला एक पैसा लागत नाही, एक शासन निर्णय लागतो.

कायद्याचा आधार शोधावा तर तिथेही खड्डा आहे. प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा किमान १०० वर्षे जुन्या वास्तूंचा विचार करतो. १९३८ ची औंधची इमारत त्या मापाने २०३८ पर्यंत ‘प्राचीन’ नाही. महापालिकांच्या वारसा याद्या त्यांच्या हद्दीपुरत्या. गावात, डोंगरावर, विसाव्या शतकात खास कलादालन म्हणून बांधलेल्या इमारती, म्हणजे आपल्याकडच्या सर्वांत दुर्मिळ, या दोन्ही चाळण्यांतून खाली पडतात. पुण्याच्या १९६८ च्या बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासावरून वाद पेटला तेव्हा ‘पाडा’ म्हणणारे आणि ‘हात लावू नका’ म्हणणारे दोन्ही पक्ष त्वेषाने बोलले. इमारतीच्या कोणत्या भागाला नेमके काय झाले आहे, यावर मात्र त्या मानाने फार थोडी चर्चा झाली.

नोंदवही म्हणजे जाडजूड अहवाल नको. सुरुवातीला मोजणी: एकास पन्नास प्रमाणात प्रत्येक मजल्याचा नकाशा, दोन छेद (इमारत उभी कापल्यासारखी दाखवणारी चित्रे), चारही दर्शनी बाजू. प्रत्येक दालनाला अंक, प्रत्येक भिंतीला दिशेचे अक्षर. ‘२-प’ म्हटले की दुसऱ्या दालनाची पश्चिम भिंत, चित्रांच्या नोंदवहीतही हाच संकेत वापरायचा. त्यानंतर मागे जाऊन जेवढे कागद सापडतील त्यावरून बदलांची यादी, पुराव्यासह. पुराव्याशिवाय ऐकीव असेल तर तसे लिहून. इथून पुढे प्रत्येक दुरुस्तीचे एक पान: तारीख, कारण, कंत्राटदार, मिश्रणाचे प्रमाण, चुना-वाळू कुठली, आधीचा-चालू असतानाचा-नंतरचा फोटो. काढून टाकलेल्या गिलाव्याचा मूठभर नमुना डबीत, चिठ्ठीसह. दर पावसाळ्याचे एक पान, त्यावर नकाशात गळतीच्या जागा. रोज सकाळी आणि दुपारी प्रत्येक दालनातले तापमान व आर्द्रता. डेटा लॉगर असेल तर उत्तम, नसेल तर साधा आर्द्रतामापक आणि पेन्सिल. आणि वायरिंगचा नकाशा, कोणती तार कधी बदलली यासह.

हे लिहिणार कोण, मंजूर पदे रिकामी आहेत, हा आक्षेप खरा आहे. अभिरक्षक नसलेल्या दालनात संवर्धनाच्या गप्पा पोकळ वाटतात हेही मान्य. पण गळतीची सर्वांत अचूक माहिती आजही पहारेकऱ्याकडे असते, कारण बादली कुठे ठेवायची ते त्यालाच ठाऊक असते. बादलीची जागा नकाशावर एका फुलीने मांडायला पदवी लागत नाही. पहिल्या मोजणीसाठी जवळच्या वास्तुकला महाविद्यालयाची एक तुकडी एका सत्रात काम संपवू शकते. विद्यार्थ्यांना मोजणीचा अभ्यासक्रम असतोच, त्यांना खरी इमारत द्या. फक्त तो नकाशा दालनाच्या दप्तरात दाखल झाला पाहिजे, नाहीतर महाविद्यालयाच्या माळ्यावर गुंडाळी होऊन पडेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जुन्या इमारतीत रॅम्प नाही, स्वच्छतागृह नाही, संग्रहाचा मोठा भाग ठेवायला कोठार नाही. हे सगळे हवेच. व्हीलचेअरवरचा माणूस जिन्याखालूनच परत जात असेल तर ते दालन सार्वजनिक नव्हे. त्यासाठी नवे बांधा, पण बाजूला, जुन्या भिंतीला न टेकता, जोत्याचे पाणी अडणार नाही अशा बेताने. स्वच्छतागृह, पाण्याची टाकी, प्रयोगशाळा, कोठार आणि विजेचा मुख्य फलक नव्या जोडइमारतीत. चित्रदालनाच्या वर टाकी किंवा स्वच्छतागृह बांधणे हा आपल्याकडचा इतका रुळलेला प्रकार आहे की निविदेतच त्याला स्पष्ट मनाई लिहावी लागेल. आणि जुनी इमारत ‘जीर्ण’ ठरवणाऱ्या प्रत्येक अहवालाला गच्चीच्या थरांचा छेद आणि तीन पावसाळ्यांच्या गळतीचे नकाशे जोडल्याशिवाय तो स्वीकारू नये. बऱ्याचदा जीर्ण असतो तो वरचा ३८ टनांचा बोजा, खालची भिंत नव्हे.

मुंबईच्या भायखळ्यातले १८७२ च्या इमारतीतले भाऊ दाजी लाड संग्रहालय या बाबतीत शिकवून जाते. महापालिका, वारसा जतन करणारी संस्था इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात २००३ मध्ये करार झाला, मूळ अंतर्भागाचा अभ्यास करून काम झाले, २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पूर्णपणे उघडले. इतके काटेकोर काम होऊनही पुढे पुन्हा दुरुस्तीसाठी ते बंद ठेवावे लागले आणि २०२५ च्या आरंभी उघडले. यात कुणाला अपयश दिसेल. दीडशे वर्षांच्या इमारतीचा तो स्वाभाविक क्रम आहे. तिथे करार, अभ्यास आणि कागद होते म्हणून दुसरी फेरी अंधारात सुरू झाली नाही. जिल्ह्याच्या दालनात दर फेरी पहिलीच असते.

पैशाचे गणित शेवटी अर्थसंकल्पाच्या शीर्षाशी येते. नव्या कामाला भांडवली निधी मिळतो, उद्घाटनाची कोनशिला लागते, बातमी होते. पन्हळ साफ करायला निधी लागतो महसुली, तो मागावा लागतो आणि पहिला कापला जातो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पन्हळींतली पिंपळाची रोपे उपटणे, फुटकी कौले बदलणे, झरोक्यांच्या काचांची वाळलेली पुट्टी नवी करणे, एवढ्या तीन कामांनी पुढच्या पावसाळ्यातली बरीचशी बादली-यात्रा वाचते. ही कामे दरसूचीत, म्हणजे कामांच्या सरकारी दरांच्या यादीत, किरकोळ ठरतात म्हणून कुणी कंत्राटदार त्यांच्याकडे फिरकत नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक दालनाला थेट खर्चाचा छोटा वार्षिक अधिकार द्यावा आणि त्या खर्चाची पावती इमारतीच्या नोंदवहीत चिकटवल्याशिवाय पुढच्या वर्षीचा हप्ता सोडू नये. मोठ्या कामाच्या निविदेत दोन कलमे घालावीत: नोंदवहीची प्रत निविदेसोबत जाहीर होईल, आणि काम पूर्णत्वाचा दाखला देण्याआधी कंत्राटदाराने आपले पान भरून, मिश्रणाचे नमुने व फोटो जोडून अभिरक्षकाची सही घ्यावी. सही नाही तर अंतिम बिल नाही.